वहीत न लिहिलेली मजुरी

(मेहरूण, जळगाव येथे बचत गटांच्या भगिनींच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



‘महिलांनी उद्योगाकडे वळावे’ असा विषय संयोजकांनी मला दिला आहे. विषय उत्तम आहे, परंतु त्यातील ‘वळावे’ या शब्दापाशी मी जरा अडखळले. खानदेशातील स्त्री उद्योगापासून दूर होती कधी? फाल्गुन सरत आला की आपल्याकडच्या गच्च्या आणि अंगणे वाळवणाने भरून जातात. उडदाचे पापड, नागलीचे पापड, ज्वारीच्या बिबड्या, कुरडया, शेवया. आज एकीच्या घरी पीठ कुटायचे, शेजारणींनी आपापले पोळपाट-लाटणे घेऊन यायचे. उद्या दुसरीच्या घरी. कोणी कोणाला मजुरी देत नाही, कागदावर काही लिहिलेले नसते, तरी कोणाची पाळी चुकत नाही. कामाची वाटणी, वेळेचे नियोजन, मालाची प्रत सांभाळणे, नव्या मुलीला हाताखाली घेऊन शिकविणे, हे सारे आपल्या आजीने कोणत्याही शिबिराला न जाता केले आहे. बोरांच्या हंगामात मेहरूणच्या बोरांचे बोरकूट करणारी, केळीचे वेफर्स तळणारी, गोधड्या शिवणारी स्त्री या सभागृहात आहेच. तेव्हा ‘वळा’ असे सांगण्याचे धाडस मी करणार नाही.

मग अडते कुठे? देशाच्या सहाव्या आर्थिक गणनेत, म्हणजे २०१३-१४ साली, देशातील एकूण आस्थापनांपैकी स्त्रियांच्या मालकीच्या आस्थापना शेकडा चौदाच्याही आत भरल्या. संख्येने पाहिले तर ती सुमारे ऐंशी लाख होती, म्हणजे थोडी नव्हे. पण त्याच गणनेतील दुसरा आकडा मला अधिक बोलका वाटतो. या ऐंशी लाखांपैकी शेकडा त्र्याऐंशी ठिकाणी एकही पगारी माणूस नव्हता. ती एकटी, फार तर घरातली मंडळी मदतीला. म्हणजे उद्योग सुरू होतो, चालतोही, परंतु वाढत नाही. दहा वर्षांपूर्वी जी ताई पाच किलोचे पापड करीत होती, ती आजही पाच किलोचेच करते.

याची कारणे अनेक सांगितली जातात. भांडवल नाही, बाजारपेठ नाही, शिक्षण नाही, घरून पाठिंबा नाही. ती सगळी खरी आहेत. पण बचत गटांच्या वह्या चाळण्यात माझी काही वर्षे गेली आहेत, आणि त्या वह्यांत मला एक रकाना जवळजवळ कधीच सापडला नाही. तो म्हणजे करणारीच्या स्वतःच्या मजुरीचा. ‘ताई, या मालात तुमचे तास किती गेले?’ असे विचारले की उत्तर ठरलेले असते : ‘तास कशाला मोजायचे? घरचंच काम आहे.’ आज मला बोलायचे आहे ते या एका रकान्याविषयी.

हिशेब प्रत्यक्षच मांडून पाहू. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत, तुमच्या घरचे वेगळे असतील. समजा, पाच किलो उडदाचे पापड करायचे आहेत. पीठ, पापडखार, हिंग, मिरी, तेल मिळून नऊशे रुपये लागले. माल दोनशे ऐंशी रुपये किलोने विकला, हाती चौदाशे आले. ताई समाधानाने म्हणतात, पाचशे सुटले. आता पुढे लिहू. पिशव्या, लेबल, रिक्षाभाडे आणि कडा मोडल्यामुळे बाजूला काढलेले पापड यांचे दीडशे धरा. उरले साडेतीनशे. पीठ मळणे, कुटणे, लाट्या करणे, लाटणे, उन्हात घालणे, उलटणे, उचलणे, भरणे यांत दोघी जणींचे प्रत्येकी सहा तास गेले, म्हणजे बारा तास. साडेतीनशेला बाराने भागा. तासाला एकोणतीस रुपये पडले. तुमच्या गावात निंदणीला जाणाऱ्या बाईला आज काय रोज मिळतो, ते तुम्ही मला सांगा. जिच्या हाताला पन्नास वर्षांची चव आहे, ती आपल्या कसबाचा मोबदला शेतमजुरीहूनही कमी घेते आणि वर म्हणते, पाचशे सुटले!

आता त्याच हिशेबात तासाला पन्नास रुपये मजुरी धरा. बारा तासांचे सहाशे. नऊशे, दीडशे आणि सहाशे मिळून साडेसोळाशे. म्हणजे तीनशे तीस रुपये किलो ही त्या पापडाची उत्पादनकिंमत झाली. त्यात अजून नफा नाही, खराब गेलेल्या घाण्याची भरपाई नाही, पुढच्या वर्षी यंत्र घ्यायचे तर त्यासाठी शिल्लक नाही. दोनशे ऐंशीला विकणारी ताई प्रत्येक किलोमागे पन्नास रुपये पदरचे घालते आहे. असा उद्योग वाढेल कसा? उद्या मागणी दुप्पट झाली आणि तिला दोन बायका मदतीला घ्याव्या लागल्या, तर त्या काही ‘घरचंच काम’ म्हणून येणार नाहीत, त्यांना रोज द्यावा लागेल. आणि तो द्यायला भावात जागाच ठेवलेली नाही. शेकडा त्र्याऐंशी ठिकाणी पगारी माणूस का नाही, याचे निदान एक उत्तर या पाच किलोंत आहे.

आपले शहर सोन्यासाठी प्रसिद्ध आहे. सराफाकडे आपण बांगड्या करायला टाकतो, तेव्हा पावतीवर सोन्याचे वजन वेगळे लिहिलेले असते आणि मजुरी वेगळी. त्या मजुरीवर आपण थोडी घासाघीस करतो, पण ‘मजुरी कशाची लावता, घरचंच काम आहे’ असे कोणी सराफाला म्हणत नाही. कारागिराच्या कसबाला किंमत असते, हे जळगावकरांना चांगले ठाऊक आहे. ते कसब पोळपाटावर आले की मात्र फुकट होते.

येथे कोणी म्हणेल की, आपल्या संस्कृतीत गृहिणीच्या कष्टाला पैशात मोजत नाहीत. मान्य आहे. मुलासाठी रांधलेल्या भाकरीचे बिल आई लावीत नाही आणि लावूही नये. परंतु जो पापड घराबाहेर गेला, दुकानाच्या फळीवर चढला, त्यातील न मोजलेले कष्ट कोणाच्या पदरात पडतात? ते मुलाला मिळत नाहीत, सासूसासऱ्यांना मिळत नाहीत. ते मधल्या व्यापाऱ्याला मिळतात, आणि काही अंशी आपल्यासारख्या ग्राहकाला. त्याग कुटुंबासाठी असतो. दुकानदाराच्या नफ्यासाठी गृहिणीने त्याग करावा, असे आपल्या कोणत्याही ग्रंथात लिहिलेले नाही.

उलट काय लिहिलेले आहे ते पाहण्यासारखे आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दुसऱ्या अधिकरणात सूत्राध्यक्षाचे एक प्रकरण आहे. विधवा, अपंग, अविवाहित, संन्यासिनी अशा स्त्रियांकडून सूत काततून घ्यावे, सूत तलम आहे, मध्यम आहे की जाडे आहे आणि किती निघाले हे पाहून त्यांचे वेतन ठरवावे, असे तिथे सांगितले आहे. ज्या स्त्रिया घराबाहेर पडत नाहीत, त्यांच्याकडे दासीमार्फत काम पोचवावे. ज्या स्वतः पहाटे सूत घेऊन येतील, त्यांच्या मालाची तपासणी करताना दिवा सूत दिसण्यापुरताच असावा. अधिकारी त्या स्त्रीच्या चेहऱ्याकडे पाहू लागला किंवा कामाव्यतिरिक्त बोलू लागला तर त्याला दंड. आणि वेतन द्यायला उशीर केला तर त्याहून मोठा दंड! वेतन घेऊन काम न करणाऱ्या स्त्रीला त्याच प्रकरणात सांगितलेली शिक्षा मात्र क्रूर आहे, तिचे समर्थन कोणी करू नये. पण घरी बसून काम करणाऱ्या स्त्रीला तिच्या कसबाप्रमाणे आणि वेळेवर मोबदला मिळाला पाहिजे, हा विचार आपल्याकडे बाहेरून आलेला नाही.

आणि जे आपलेच असून सोडायला हवे, तेही सांगितले पाहिजे. स्त्रीधनाची चर्चा आपल्या स्मृतिकारांनी फार बारकाईने केली. विवाहात मिळालेले, माहेरहून आलेले, प्रीतीने दिलेले धन तिचे. परंतु शिल्पातून, म्हणजे हातच्या कलाकौशल्यातून तिने मिळविलेल्या धनावर कात्यायनाने पतीचे स्वामित्व सांगितले. भेट मिळालेले तिचे आणि कमावलेले मात्र त्याचे! १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या चौदाव्या कलमाने हा प्रश्न कायद्यापुरता मिटविला. स्त्रीच्या पूर्ण मालकीच्या संपत्तीत तिने ‘स्वतःच्या कौशल्याने वा कष्टाने’ मिळविलेली संपत्तीही त्या कलमाने स्पष्टपणे घातली. कायदा होऊन सत्तर वर्षे होत आली. आपल्या घरातील कपाटाच्या किल्लीपर्यंत तो पोचला आहे का, याचा विचार मागे उभ्या असलेल्या बंधूंनी करावा.

आता एक उदाहरण सविस्तर सांगते, कारण ते आपल्याच पोळपाटावरचे आहे. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातील एका चाळवजा इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणी पापड लाटायला बसल्या. जसवंतीबेन पोपट त्यांपैकी एक. भांडवल होते उसने घेतलेले ऐंशी रुपये. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली आणि ती भुलेश्वरच्या एका व्यापाऱ्याला विकली. ही आजची ‘श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड’. संस्थेची उलाढाल पुढे शेकडो कोटींत गेली आणि २०२१ साली जसवंतीबेनना पद्मश्री मिळाली, हे सारे तुम्ही वाचलेले असेल. मला सांगायचे आहे ते पहिल्या दोन-तीन वर्षांबद्दल, कारण आपण आज तिथे आहोत.

सुरुवातीला या बहिणी दोन प्रतींचे पापड करीत, एक चांगला आणि एक स्वस्तात विकायचा हलका. ज्यांनी ऐंशी रुपये दिले होते, ते छगनलाल पारेख, ज्यांना सगळे छगनबापा म्हणत, त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, प्रत एकच ठेवा, तिच्यात तडजोड नको. दुसरी, हा धर्मादाय नव्हे, धंदा आहे, हिशेब चोख ठेवा. बहिणींनीही ठरविले की तोटा झाला तरी देणगी मागायला कोणाच्या दारी जायचे नाही. आपल्याकडे मात्र महिलांचा उद्योग म्हटला की प्रथम देणगीदार शोधला जातो, शिलाई यंत्रे वाटली जातात, छायाचित्र निघते आणि यंत्रांवर वर्षभरात कापड झाकले जाते. मी वाटणाऱ्यांना दोष देत नाही, त्यांची भावना चांगलीच असते. परंतु फुकट मिळालेल्या यंत्राचा घसारा कोणी वहीत मांडीत नाही.

पहिल्याच वर्षी त्यांच्यावर मोठे संकट आले ते पावसाचे. पापड वाळेनात. चार महिने काम थांबवावे लागले. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक शेगडी विकत घेतली. खाटेवर पापड, खाली शेगडी. पावसाळ्यातही काम चालू राहिले. मला ही खाट फार महत्त्वाची वाटते. आपल्याकडे वैशाखातले ऊन असे असते की पापड तासाभरात कडक होतो. मुंबईच्या बहिणींना जे मिळाले नाही ते भांडवल सूर्यनारायणाने आपल्याला फुकट दिले आहे. आणि म्हणूनच आपला वाळवणाचा उद्योग जूनमध्ये झोपतो तो थेट संक्रांतीनंतर जागा होतो. कर्जाचा हप्ता मात्र बारा महिने येतो. वर्षातले आठ महिने बंद असणाऱ्या उद्योगाला कोणती बँक मोठे कर्ज देईल? आपल्या गटाची खाट कोणती, हे प्रत्येक गटाने शोधायचे आहे. एखादा गट वाळवणयंत्र घेईल, एखादा पावसाळ्यात केळीच्या वेफर्सकडे वळेल, एखादा दिवाळीच्या फराळाची मागणी श्रावणातच नोंदवून घेईल.

लिज्जतच्या कामाची रीतही पाहा. बहीण सकाळी केंद्रावर येते, तिंबलेले पीठ घेऊन जाते, घरी लाटून वाळवते आणि दुसऱ्या दिवशी तयार पापड जमा करते. माल तपासून, वजन करून घेतला जातो आणि वजनाप्रमाणे लाटण्याची मजुरी मिळते. मजुरी आधी, नफ्याची वाटणी नंतर, आणि ती सर्व बहिणींत समान. मालकीण तीच, पण तिची मजुरी आणि मालकीचा नफा हे दोन वेगळे रकाने आहेत. सात बायकांच्या गच्चीवरून हजारो बायकांपर्यंत हा उद्योग पोचला, त्याच्या मुळाशी हे दोन रकाने आहेत असे माझे मत आहे. नवी बहीण आली की तिला काय द्यायचे, हे पहिल्यापासून ठरलेले होते.

कोणी म्हणेल, आम्हाला वह्या लिहिता येत नाहीत. त्यांना मी साताऱ्याच्या माण तालुक्यातील म्हसवडला घेऊन जाईन. तो कायम दुष्काळी भाग. तिथे चेतना गाला सिन्हा यांच्याकडे वेल्डिंगचे काम करणारी एक बाई आली. पावसाळ्यापूर्वी झोपडीवर प्लास्टिक टाकण्यासाठी तिला थोडे थोडे पैसे साठवायचे होते आणि एवढ्या किरकोळ बचतीसाठी कोणतीही बँक तिचे खाते उघडीत नव्हती. कर्ज नव्हे, बचत करायला बँक नव्हती! तेव्हा बायकांनी स्वतःची सहकारी बँक काढायचे ठरविले. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला, कारण प्रवर्तकांपैकी बऱ्याच जणींनी अंगठे उठविले होते. त्या बायका परत आल्या, साक्षरतेच्या वर्गाला बसल्या आणि काही महिन्यांनी पुन्हा मुंबईला गेल्या. तिथे त्यांनी अधिकाऱ्यांना सांगितले, आम्हाला वाचता येत नसेल, हिशेब येतो. कोणत्याही रकमेचे व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो, तुम्ही तुमच्या माणसांनाही यंत्राविना करायला सांगा. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. अक्षर न गिरवलेल्या बाईची बुद्धी काय असते, हे असोद्याच्या बहिणाबाईंच्या जिल्ह्यात मी वेगळे सांगायला नको. आपल्या विद्यापीठाला २०१८ साली ज्यांचे नाव दिले गेले, त्यांना स्वतःला लिहिता येत नव्हते.

म्हसवडचीच आणखी एक गोष्ट. काही बायकांना पासबुक घरी न्यायला नको होते. पासबुक घरी गेले की शिल्लक किती ते नवऱ्याला कळते आणि कळले की ती शिल्लक राहत नाही. ऐकून मागच्या बाजूचे काही बंधू हसले. हसण्यासारखे आहे खरे, परंतु ज्या घरात पत्नीला आपली बचत पतीपासून लपवावी लागते, त्या घराविषयी आपण गंभीरपणे बोलले पाहिजे, आणि ते घर प्रत्येक वेळी दारुड्याचेच असते असे समजू नका.

मुंबईच्या गिरणगावात १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे राहिले, प्रेमाताई पुरव यांच्या पुढाकाराने. गिरणी कामगारांना जेवण घालणाऱ्या खानावळवाल्या बायका. महिनाभर उधारीवर जेवण घालायचे, किराणा सावकाराकडून आणायचा, व्याजात सगळे जायचे. प्रेमाताईंनी त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेच्या दारात नेले आणि एकीने दुसरीची हमी घेऊन कर्ज मिळविले. प्रेमाताई डाव्या चळवळीतल्या. या सभेतील अनेकांची वैचारिक वाट वेगळी असेल. असू द्या. सावकाराच्या वहीतून एवढ्या बायकांची नावे ज्यांनी पुसली, त्यांच्याकडून शिकायला कमीपणा कसला?

त्यानंतर १९९२ मध्ये नाबार्डने बचत गटांना बँकांशी जोडण्याचा उपक्रम सुरू केला आणि गावोगावी गट झाले. ‘माविम’, ‘उमेद’ यांनी ते काम पुढे नेले. बायका कर्ज बुडवीत नाहीत, ही ख्याती बँकांत पसरली. आणि तिथूनच एक नवी गोष्ट सुरू झाली, जी व्यासपीठावरून सहसा बोलली जात नाही. कर्ज तिच्या नावावर, हप्ता तिच्या डोक्यावर, आणि पैसे दुसरीकडे. एका गटात मी पाहिले, शेळीपालनासाठी उचललेल्या कर्जातून घरात मोटारसायकल आली. मोटारसायकल वाईट नाही, पण ती दूध देत नाही. ती ताई पुढची दोन वर्षे शेजारच्या शेतात रोजाने जाऊन शेळ्यांचा हप्ता भरीत होती, आणि गटाच्या वार्षिक अहवालात तिचे नाव ‘यशस्वी उद्योजिका’ म्हणून छापलेले होते, कारण तिचा एकही हप्ता थकला नव्हता. २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेत सुमारे दोन तृतीयांश खाती महिलांची आहेत, असे सरकारी आकडे सांगतात. ही आनंदाची बातमी आहे. त्यांपैकी किती खात्यांतील पैसा महिलेच्याच उद्योगात लागला, हे ज्याने त्याने आपापल्या घरात पाहावे.

म्हणून बंधूंना माझी विनंती आहे. पत्नीच्या उद्योगाला ‘परवानगी’ दिली, एवढ्यावर समाधान मानू नका. तिच्या उद्योगाचे बँक खाते तिच्या एकटीच्या नावाने असू द्या. उद्यम नोंदणी तिच्या नावाने करा, तिला शुल्क लागत नाही. घरखर्चाला तिच्या उद्योगातून पैसे घेतलेत तर ते वहीत ‘घरासाठी उचल’ म्हणून लिहू द्या. आणि ज्या दिवशी तिच्याकडे पन्नास किलोची मागणी असेल, त्या दिवशी घरातील स्वयंपाक कोण करणार, हे आदल्या रात्री ठरवा. संध्याकाळी पाहुणे आले आणि तिने लाटणे ठेवून चहाला उठावे, असे एका दिवसात चार वेळा झाले, तर तिच्या बारा तासांचे सोळा होतात. हिशेबात तेही येते.

आणि आता आपण सगळे, जे ग्राहक आहोत. शहरातल्या मॉलमध्ये आपण वेफर्सच्या पिशवीवरची छापील किंमत निमूटपणे देतो. प्रदर्शनात बचत गटाच्या टेबलापाशी आलो की मात्र ‘काय हो ताई, एवढे महाग?’ त्या पिशवीत निम्मी हवा असते, या पिशवीत शेजारणीचा दिवस असतो. स्वदेशीचा आग्रह धरणाऱ्या घराने घासाघीस करायची तर ती निदान उलट्या क्रमाने करावी!

‘भाव वाढविला तर गिऱ्हाईक तुटेल’ ही भीती मला ठाऊक आहे. काही तुटेल. जे गिऱ्हाईक तुमच्या मजुरीतूनच स्वस्त माल घेत होते, ते तुटणारच. पण बिबड्यांची चव ज्यांना घरातून मिळत नाही असे खानदेशी लोक पुण्यात आहेत, मुंबईत आहेत, सुरतेच्या लिंबायत-उधना भागात तर मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्यासाठी हा माल दुर्मिळ आहे. जळगावच्या केळीला आणि भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. केळी आपल्याकडून कच्ची जाते, ट्रकच्या ट्रक जातात, आणि तिचे वेफर्स, पीठ, सुकेळी करून मिळणारा भाव बराचसा दुसरीकडे राहतो. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्राने २०२० साली योजना आणली, तेव्हा आपल्या जिल्ह्यासाठी केळीच निवडली गेली. प्रकल्पखर्चाच्या पस्तीस टक्के अनुदान आणि गटातील सदस्येला खेळत्या भांडवलासाठी चाळीस हजारांपर्यंत बीजभांडवल अशी तरतूद त्या योजनेत केली गेली. सध्या कोणती योजना चालू आहे आणि कोणत्या अटी आहेत, हे जिल्हा कृषी कार्यालयात आणि उद्योग केंद्रात स्वतः जाऊन विचारा. दलालाला विचारू नका. त्याची मजुरी तो कधीच विसरत नाही.

खाद्यपदार्थ विकणाऱ्या प्रत्येकीने २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखालील नोंदणी करून घ्यावी. घरगुती आहे म्हणून सूट मिळते हा गैरसमज आहे. पिशवीवर नोंदणीक्रमांक, घटकपदार्थ, वजन, तयार केल्याची तारीख पाहिजे. मोठ्या शहरातील दुकानदार चव पाहण्यापूर्वी ते पाहतो.

माझ्या पिशवीत साध्या, दोनशे पानी वह्या आहेत. प्रत्येक गटाने जाताना एक न्यावी, तिची किंमत पंचवीस रुपये आहे आणि ती मी घेणार आहे. पहिल्या पानावर पाच रकाने आखून दिले आहेत : माल, इतर खर्च, तास, मजुरी, विक्री. एका घाण्याचा हिशेब तरी पुढच्या बैठकीपर्यंत लिहून आणा. आकडा तोट्याचा निघाला तरी खोडू नका, तसाच आणा. आता कोणाला काही विचारायचे असेल तर विचारा. मागच्या रांगेतील त्या ताईंनी मघापासून हात वर केला आहे, प्रथम त्यांना बोलू द्या.